आयाच्या हातातली पळी

दिल्लीत निवृत्त झालेल्या मराठी माणसाला दोन कामं आपोआप चिकटतात. एक, मंडळाच्या गणपतीत माइक धरणं. दुसरं, जानेवारीत मंडळाच्या बसने पानिपतला जाणं आणि काला अंबच्या स्मारकासमोर उभं राहून बाकीच्यांना इतिहास सांगणं. मी दोन्ही केली आहेत. इतिहास मी कधी शिकलो नाही. मंत्रालयात फायलींवर टिपणं लिहून निवृत्त झालो. पण माझा आवाज भरदार आहे, आणि धुक्यात मफलर गुंडाळून मोकळ्या जागेत उभं राहिलं की भरदार आवाजात सांगितलेलं काहीही खरं वाटतं. एकदा मी तिथल्या एका झाडाकडे, हाच तो काळा आंबा असल्यासारखा हात करून, असं काही बोललो की पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळे पुसले. झाड निलगिरीचं होतं. वनखात्याने लावलेलं.

मागच्या वर्षी बायको गेली, आणि मला काही वाटलं नाही. हे मी शौर्य म्हणून सांगत नाही, आणि तक्रार म्हणूनही नाही. दात काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात, मग आपण गालाला बोट लावतो आणि तो गाल दुसऱ्या कुणाचा तरी लागतो, तसं काहीतरी. भेटायला लोक आले, मी त्यांना चहा दिला, कोणाला साखर चालत नाही तेही लक्षात ठेवलं. नोएडातल्या आमच्या सोसायटीत माझ्या खंबीरपणाची तारीफ झाली. मी मान तिरकी करून ती स्वीकारली.

काही महिने असे गेल्यावर मुलगा एका रविवारी म्हणाला, "बाबा, तुम्ही काहीतरी एंगेजमेंट बघा यार. असं बसून राहू नका."

"ह्या वयात?" मी म्हटलं. "पत्रिका जुळवायला कोण आहे?"

तो हसला नाही. सूनबाई हसली. ती लखनौची आहे, गुरुग्राममधल्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि माझे विनोद तिला मुलाच्या आधी कळतात. तिनेच माझ्यासाठी एंगेजमेंट शोधली. तिच्या ओळखीच्या एक मॅडम मुनिरक्याजवळ एक छोटंसं संग्रहालय चालवतात. तळमजला, दोन खोल्या, एक फिल्म लावायचं मशीन. इंग्रजांच्या काळात इथे राहिलेल्या कुटुंबांच्या घरगुती वस्तू तिथे जमा होतात: फोटो, घरी काढलेल्या फिल्मा, बाळाचा चांदीचा कप, कुत्र्याचा पट्टा. राज्य कसं केलं ते नाही, राज्य करता करता घरात कोण काय करत होतं, ते. विलायतेत कुणी म्हातारं वारलं किंवा घर विकायला निघालं की तिकडून पेटी येते. पेटीतल्या फोटोंत कधी कधी मराठी माणसं दिसतात, आणि मॅडम पंजाबी. त्यांना मराठी माणूस हवा होता.

अशा रीतीने मी मजेंटा लाइनने मुनिरक्याला जाऊ लागलो. स्टेशनबाहेर भाड्याच्या खोल्यांत राहणारी पोरं परांठे खात उभी असतात, त्यांच्यातून वाट काढायची, आणि खोलीत जाऊन पांढरे हातमोजे घालायचे. हातमोजे घातले की माणूस आपोआप विद्वान दिसतो. मॅडम येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "ये हमारे मराठी एक्सपर्ट हैं।" मी नाही म्हटलं नाही.

त्या पेटीचं सांगतो.

पाठवणारी बाई साठीच्या आसपासची, इंग्लंडमधली. तिचे आजोबा इकडे अधिकारी होते. आधी पुण्याला, मग बदली होऊन दिल्लीला. तिची आई दिल्लीत वाढली, चार-पाच वर्षांची असताना बोटीने परत गेली आणि पुन्हा कधी आली नाही. ती आई आता नव्वदीच्या घरात होती. तिचं घर आवरून तिला वृद्धांच्या एका आश्रमात ठेवलं होतं, आणि घरात निघालेले फोटो आणि एक मूक फिल्म आमच्याकडे आली होती.

फिल्म मिनिटभराची. बंगल्याचा व्हरांडा, कुंड्या, उन्हात एक आया. नऊवारी, कासोटा घातलेला. कडेवर गोरं बाळ. आयाच्या एका हातात काहीतरी आहे, ती बाळाकडे बघून ओठांचा चंबू करते, काहीतरी म्हणते, बाळ हात झाडतं, आणि फिल्म संपते. खोक्यावर लिहिलं होतं: "आया, दिल्ली." नाव नाही. त्या घरातल्या कुत्र्याचं नाव होतं, घोड्याचं होतं, आयाचं नव्हतं.

पेटीबरोबर बाईंचा एक मेल होता, आणि खरं काम त्या मेलमध्ये होतं. तिची आई वर्षभर हळूहळू इंग्रजी विसरत चालली होती. आता तर लेकीचं नावही गेलं होतं. उरले होते चार शब्द, आणि ते कुठल्या भाषेतले हे तिथे कुणालाच कळत नव्हतं. आई ते शब्द म्हणते, पुन्हा पुन्हा म्हणते, आणि समोरच्याला कळलं नाही की रडते. बाईने लिहिलं होतं, 'ती काहीतरी मागते आहे, आणि आम्ही तिला देत नाही आहोत. एवढंच मला कळतं. कृपा करून कुणी ऐकाल का?' खाली तिने ते चार शब्द तिच्या कानाला जसे लागले तसे इंग्रजी स्पेलिंगमध्ये लिहिले होते. मम-मम. बूर. गाय-गाय. बाव. सोबत फोनवर केलेलं रेकॉर्डिंग होतं.

तिकडच्या लोकांनी आपापल्या परीने अर्थ लावलेच होते. मम-मम म्हणजे मम्मी, म्हणून आजीचा फोटो फ्रेम करून पलंगासमोर टांगला होता. बूर म्हणजे ब्रर्र, थंडी वाजते, म्हणून अंगावर पांघरुणं वाढवली होती. बाव म्हणजे बाव-वाव, कुत्र्याचं भुंकणं, म्हणून दर आठवड्याला एक प्रशिक्षित कुत्रा खोलीत आणला जात होता. राहिला गाय. गाय हे तिकडे पुरुषाचं नाव असतं. बाईने फार आडून आडून विचारलं होतं की आईच्या तरुणपणी ह्या नावाचा कुणी गृहस्थ होता का, तुमच्या कागदांत काही सापडतं का.

आता हे वाचता वाचता तुम्हाला कळलं असेल. बहुतेक पहिल्या दोन शब्दांतच कळलं असेल. मला कळलं नाही. त्याचं कारण माझी नोकरी. जन्मभर सवय अशी की आधी टिपण वाचायचं, मग त्याच्या खालचा कागद. मी ऐकण्याआधी ते स्पेलिंग वाचलं, आणि मग रेकॉर्डिंग लावलं तेव्हा वाचलेलंच ऐकलं. शिवाय मॅडमच्या कॉम्प्युटरचा स्पीकर फुटका, म्हातारीच्या तोंडात दात नाहीत, आणि समोर मॅडम पेन उघडून बसलेल्या.

"सर, कुछ पकड़ में आया?"

"आप फ़िल्म फिर से लगाइए," मी म्हटलं. वेळ मिळवायचा असला की फाइल परत मागवायची, हेही नोकरीतलंच.

फिल्म पुन्हा पाहिली. आणि माझ्या डोक्यात, गणपतीच्या आरतीला पेटतो तसा, एकदम कापूर पेटला. नऊवारी. मराठी बाई. मम! पूजेचा संकल्प सांगताना गुरुजी काय म्हणतात? मम. बूर म्हणजे भूर्, आमच्या संध्येत येतो तो. गाय म्हणजे गोमाता. बाव म्हणजे बाहू, दोन्ही हात. ही बाई बाळाला संस्कृत शिकवत होती!

"और हाथ में?" मॅडमनी विचारलं. चित्र धूसर होतं. काहीतरी छोटं, चमकणारं, जोडीने धरलेलं.

"पळी-पंचपात्र," मी म्हटलं. आणि त्यांना समजावलं की पूजेला पाणी घ्यायची ती तांब्याची चमचा-भांड्याची जोडी.

एकदा पळी हातात दिल्यावर पुढचं सोपं होतं. मी दोन पानी टिपण लिहिलं. त्यात ती आया पुण्याची, सुसंस्कृत, ब्राह्मण, अकाली वैधव्य आल्याने परिस्थितीपुढे नाइलाज होऊन साहेबाच्या घरी राहिलेली, आणि तिथेही आपले संस्कार न सोडलेली अशी झाली. वाचताना माझं मलाच भरून आलं असतं, पण तेव्हा मला भरून येत नव्हतं. नुसतं वाक्य चांगलं जमल्याचं कळलं.

मॅडम हुशार आहेत. त्या म्हणाल्या, "सर, एक बात। विधवा थीं, तो हाथों में इतनी चूड़ियाँ?"

कोपरापर्यंत चुडा होता. कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. दंडावर गोंदलेलं होतं, हनुवटीवरही.

"सुधारक घराणं असणार," मी म्हटलं. काला अंबच्या आवाजात म्हटलं.

टिपण इंग्रजीत होऊन गेलं. बाईंचं भलंमोठं आभाराचं उत्तर आलं. त्यातल्या एका ओळीवर मी तेव्हा थांबलो नाही: आश्रमातल्या एका भल्या नर्सने इंटरनेटवरून मंत्रपठण शोधून काढलं आहे, आणि ते आईच्या उशाशी सकाळ-संध्याकाळ लावतात.

पंधरवड्याने बाईने व्हिडिओ कॉल केला. मी मॅडमच्या शेजारी, हातमोजे घालून. कॉलला हातमोजे कशाला, असं मॅडमनी नजरेनेच विचारलं. मी काढले नाहीत. बाई पडद्यावर थकलेली दिसत होती. तिने माझे पुन्हा आभार मानले, आणि मग म्हणाली की मंत्र सुरू झाला की आई डोकं हलवते, आणि तेच चार शब्द आणखी मोठ्याने म्हणते. पाण्याचा पेला, पेज, काही तोंडाजवळ नेलं तर घेते कधी कधी, पण आपणहून मागत नाही, त्यामुळे कधी द्यायचं ते कुणाला कळत नाही. वजन उतरलंय. बाव तर आता दिवसभर चालू असतं.

"मी तिच्याशी बोलते," बाई म्हणाली, "आणि मला वाटतं, मी दर वेळेला तिला चुकीचं उत्तर देते आहे. शाळेतल्या परीक्षेसारखं. फक्त नापास ती होते."

"थोडा धीर धरा," मी म्हटलं. "मंत्राचा परिणाम हळूहळू होतो."

हे मी म्हटलं. मॅडमसमोर, पूर्ण शुद्धीत.

घरी येताना मेट्रोत मी ठरवलं की पुरवणी टिपण लिहायचं, बाव ह्या शब्दावर. रेकॉर्डिंग फोनवर घेतलंच होतं. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वही, पेन आणि चष्मा मांडून बसलो. सूनबाई समोर लॅपटॉपवर तिच्या ऑफिसचं काहीतरी संपवत होती. नात, अडीच वर्षांची, टेबलाखाली डब्यांची झाकणं लावत बसली होती. मी फोन कानाला न लावता टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं.

म्हातारीचा आवाज आला. पातळ, ओला. भुर्र. भुर्र.

टेबलाखालचा झाकणांचा आवाज थांबला. नात रांगत बाहेर आली, उठली, दारापाशी गेली आणि आपले बूट घेऊन आली. दोन्ही एका हातात, नाड्या लोंबताहेत. माझ्यासमोर उभी राहिली आणि बूट वर धरले.

सूनबाईने लॅपटॉपवरून मान वर न करता म्हटलं, "नहीं बेटा, अभी भुर्र नहीं जाना। बाहर बहुत पॉल्यूशन है।"

रेकॉर्डिंग चालूच होतं. मंमं. मंमं.

"पापा, ये कौन हैं?" आता तिने मान वर केली. "इतनी बूढ़ी आवाज़... पानी माँग रही हैं बेचारी।"

मी पेन वहीवर ठेवलं.

"मम्मी जी का वाला मंमं," ती म्हणाली, जसं काही मला वाटाणे म्हणजे मटर हे समजावून सांगत होती. "मम्मी जी तो पानी को ही मंमं बोलती थीं ना।"

गाई गाई. बाऊ. बाऊ.

रेकॉर्डिंग संपलं. नात बूट धरून तशीच उभी होती, हात दुखायला लागला तरी खाली करेना. आमच्या घरात दिवसातून किती वेळा भुर्र होतं, गाई होते, सोफ्याचा कोपरा लागला की बाऊ होतो, हे मी मोजलेलं नाही. माझ्या स्वतःच्या मुलाचं सगळं बालपण ह्या चार शब्दांत झालं. बायको म्हणायची, मी पेपर वाचत असायचो. ह्या भाषेला मी भाषा म्हणून कधी धरलंच नव्हतं. ती स्वयंपाकघरातून येणाऱ्या कुकरच्या शिट्टीसारखी होती, असते ती असते. आणि पुण्याहून आलेल्या एका बाईने साहेबाच्या पोरीला तीच शिकवली असेल, दुसरी कुठली शिकवणार, हे मला सुचलं नाही. मला संध्या सुचली. जिची मुंज होण्याचा प्रश्नच नव्हता अशा बाईच्या तोंडी.

दुसऱ्या दिवशी मुनिरक्याला जाऊन मी आधी फिल्म लावायला सांगितली. उन्हातली आया, कडेवर बाळ, ओठांचा चंबू. भुर्र. आता न ऐकताही ऐकू येत होतं. आणि हातात बाळाचे बूट, बक्कलवाले, बक्कलावर ऊन चमकत होतं. माझी पळी आणि माझं पंचपात्र.

"मॅडम, वो लोटा-चम्मच नहीं है," मी म्हटलं. "जूते हैं।"

मॅडमनी चष्मा वर केला, पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "और संस्कृत?"

"संस्कृत भी जूते हैं।"

त्या हसल्या नाहीत ह्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. चहा मागवला, मग तोंड फिरवून हसल्या.

मेल लगेच लिहिला. ह्या खेपेला दोन पानं नाहीत. भुर्र म्हणजे बाहेर फिरायला न्या. गाई म्हणजे झोप आली आहे. बाऊ म्हणजे दुखतंय. मंमंवर अडलो. आमच्या घरी मंमं म्हणजे पाणी, पण माझ्या चुलतभावाच्या घरी मंमं म्हणजे वरणभात, आणि त्या आयाच्या घरी काय होतं ते विचारायला आता कुणी नाही. म्हणून लिहिलं: पाणी द्या, नाही घेतलं तर मऊ खायला द्या. पांघरुणं काढा. मंत्र बंद करा. कुत्र्याबद्दल तुम्ही ठरवा.

उत्तर त्याच दिवशी आलं. पहिल्या मंमंला नर्सने पेला पुढे केला, आणि आई पूर्ण पेला प्यायली. पेल्यानंतरही मंमं म्हणाली, तेव्हा आणखी दिला, तोही. मग तिला चाकाच्या खुर्चीत घालून बागेत नेलं. तिकडे पाऊस भुरभुरत होता, तरी नेलं. ती गप्प बसून झाडं बघत राहिली. रडली नाही.

मी हे वाचलं आणि मॅडमना वाचून दाखवलं. मॅडमचे डोळे भरले. मी त्यांना टिशूचा डबा सरकवला. माझा गाल अजून दुसऱ्या कुणाचा तरी होता.

पण बाऊ राहिला होता. कुठे दुखतंय? नर्स दुखरी जागा चाचपायला गेली की म्हातारी किंचाळायची, आणि इंग्रजीत विचारलेलं आता तिच्यापर्यंत पोहोचत नव्हतं. बाईने माझ्याकडून वाक्य लिहून घेतलं, 'कुठे बाऊ झाला', आणि पाठ करून आईला म्हणून पाहिलं. आईने माझ्याकडे असं बघितलं, बाई म्हणाली, की जणू मी बसचं तिकीट मागतेय. मग ती म्हणाली, "तुम्ही विचाराल का? तुमचा आवाज तिथला आहे."

व्हिडिओ कॉल ठरला. पडद्यावर उशी, उशीवर पिसासारखे केस, एक लहानसा चेहरा. मी घसा साफ केला. "कुठे बाऊ झाला?" मी विचारलं.

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारत होतो. ते कसं निघालं ते सांगू का? काला अंबच्या स्मारकासमोर कुणी शत्रूला जाब विचारावा, तसं. म्हातारीने डोळे घट्ट मिटले आणि पांघरुणात तोंड लपवलं. तिच्या लहानपणी असा आवाज व्हरांड्यात एकाच माणसाचा असणार, आणि तो आला की आयासुद्धा गप्प होत असणार.

"पुन्हा एकदा, हळू," बाई म्हणाली.

मी हळू म्हटलं. हळू म्हटल्यावर ते संसदेतल्या तारांकित प्रश्नासारखं वाटलं. म्हातारी बाहेर आली नाही.

घरी बाल्कनीत उभं राहून मी रेकॉर्ड करून पाहिलं. सोनुली, छकुली, सगळं घालून पाहिलं. शेजारचे सरदारजी त्यांच्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होते, ते म्हणाले, "सब ठीक है, भाईसाहब?" मी म्हटलं, "बिल्कुल." मग आत आलो. ऐकलं. पुसून टाकलं.

सूनबाई बैठकीच्या दारात कितीतरी वेळ उभी असावी. "पापा," ती म्हणाली, "वो वीडियो है ना। जब ये टेबल से टकराई थी।"

मला माहीत होतं कुठला व्हिडिओ. बायको जायच्या आधीच्या थंडीतला. नात नुकती चालायला लागली होती, टेबलाचा कोपरा लागला होता, आणि बायकोने तिला मांडीवर घेतलं होतं. सूनबाईने तो तेव्हा घरच्या ग्रुपवर टाकला होता. बायको गेल्यानंतर सगळ्यांनी तो पाहिला, मुलाने तर किती वेळा पाहिला. माझ्या फोनमध्येही तो आहे. त्याच्यावर अजून डाउनलोडचं ते गोल बाणाचं चिन्ह आहे, मी ते कधी दाबलेलं नाही.

"तूच भेज दो," मी म्हटलं. घाईत माझी मराठी आणि हिंदी अशी एकमेकींच्या चपला घालून बाहेर पडते.

"आप एक बार सुन लीजिए, ठीक रहेगा कि नहीं।"

"ठीक असेल."

तिने तिथेच उभं राहून आवाजाचा तेवढा तुकडा वेगळा केला. फोन कानाशी धरून ऐकला, माझ्याकडे पाठ करून. मी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. तिने पाठवला.

पुढचं बाईने लिहिलं ते सांगतो. तो आवाज उशाशी लावल्यावर आईने डोळे उघडले. खोलीत बघितलं, कोण आलंय ते शोधत. आवाज पुन्हा लावला. तेव्हा तिने पांघरुणातून हात काढला, तोच हात जो महिनाभर नर्सला धरू दिला नव्हता, आणि डाव्या खुब्यावर ठेवला. इथे. नर्सने तिथे फुंकर घातली, कारण त्या आवाजात शेवटी फुंकरीचा आवाज आहे म्हणे. मग डॉक्टर आले, फोटो काढला. हाडाला बारीक चीर होती. केव्हा कशी पडली ते कुणी पाहिलं नव्हतं. ह्या वयात चिरफाड करणार नाहीत, पण दुखणं थांबवायचं औषध सुरू झालं, आणि त्या दुपारी ती गाई गाई म्हणाली आणि झोपली. बाईने लिहिलं होतं, 'ज्या बाईचा हा आवाज आहे, तिला माझे आभार सांगा.' मॅडमनी मला विचारलं, काय उत्तर देऊ. मी म्हटलं, "लिख दीजिए, पहुँचा देंगे।"

संग्रहालयातलं माझं टिपण मी रद्द केलं. नवीन कार्डावर आता आहे: आया, दिल्ली, मूळची बहुधा पुण्याकडची, नाव अज्ञात. हातात बाळाचे बूट. बाळाला बाहेर नेते आहे. एवढंच. वैधव्य काढून घेतलं, संस्कार काढून घेतले. नाव द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं.

तिकडे तो आवाज आता रोज वाजतो. सकाळी कूस बदलायच्या आधी नर्स बटण दाबते, आणि माझी बायको, जिचा पासपोर्ट काढायचा राहूनच गेला, एका इंग्लिश म्हातारीला विचारते की कुठे बाऊ झाला. म्हातारी दाखवते. इकडे आमच्या घरात तो वाजत नाही. मी असलो की सगळे फोनचा आवाज कमी करतात. मी त्यांना तसं सांगितलेलं नाही.

काल हवा जरा बरी होती. नात बूट घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी खाली बसलो, माझे गुडघे वाजले, आणि तिच्या पायात बूट घातले. डावा उजव्यात गेला होता ते लिफ्टमध्ये लक्षात आलं.

"भुर्र?" ती म्हणाली.

"भुर्र," मी म्हटलं. परिपत्रकासारखंच निघालं. तिला चाललं.